तिजोरी घरची, हिशेबनीस परका

सून परगावची चालते, आचारी परगावचा चालतो, पण तिजोरीच्या किल्ल्या घरच्याच माणसाकडे हव्यात, असं आपलं मत. देशांचं तसं नाही. पैशाचं गणित जुळेना की ते बिनदिक्कत समुद्रापलीकडून माणूस बोलावतात, त्याला जागा देतात, भत्ता देतात आणि गडबड झाली की शिव्याही त्यालाच देतात.

बीअर आली, मागोमाग सीए आले

आज अमेरिकेत अकाउंटंट मिळत नाहीत म्हणून ओरड आहे. 2020 नंतरच्या दोन वर्षांत तीन लाखांहून जास्त अकाउंटंट आणि ऑडिटर नोकरी सोडून गेल्याचं तिथल्या वृत्तपत्रांनी छापलं. पण अमेरिकेची ही पहिली वेळ नव्हे. 1880च्या दशकात ब्रिटिश भांडवलदारांनी तिथले बीअरचे कारखाने विकत घ्यायचा सपाटा लावला. पैसे ओतले खरे, पण वह्या तपासणार कोण? अमेरिकेत या पेशाला मान्यता देणारा पहिला कायदा न्यूयॉर्कने केला तो 1896 साली. स्कॉटलंडमध्ये मात्र एडिनबरोच्या हिशेबनिसांना 1854 मध्येच राणीची सनद मिळाली होती. 'चार्टर्ड' हा शब्द तिथलाच. मग प्राइस वॉटरहाऊस या ब्रिटिश ऑडिट कंपनीने 1890 मध्ये न्यूयॉर्कला आपला माणूस धाडला आणि स्कॉटिश तरुणांची रीघ लागली.

त्यांच्यापैकी एक ग्लासगोचा आर्थर यंग. शिकला वकिली, पण कान गेले. ऐकू न येणारा वकील कोर्टात काय करणार? आकडे मात्र न बोलता सगळं सांगतात! 'ईवाय' या ऑडिट कंपनीच्या नावातला 'वाय' तो हाच. 'ई' म्हणजे अर्न्स्ट. गंमत अशी की या दोघांची आयुष्यात कधी भेटच झाली नाही म्हणतात, आणि 1948 मध्ये दोघंही काही दिवसांच्या अंतराने गेले. कंपन्या एक झाल्या त्यानंतर एकेचाळीस वर्षांनी.

'केपीएमजी'तला 'एम', म्हणजे मार्विक, हाही ग्लासगोचाच. 'पी' म्हणजे पीट, तोही स्कॉटिश. हे दोघं भेटले 1911 मध्ये, अटलांटिक ओलांडणाऱ्या बोटीवर. किनारा येईपर्यंत भागीदारीची बोलणी रंगली होती.

साहेबाचा पोऱ्या

माझा सगळ्यात लाडका किस्सा जपानचा. 1872 मध्ये जपान सरकारला बँका काढायच्या होत्या, पण जमा-खर्चाची पाश्चात्त्य पद्धत कुणालाच येत नव्हती. म्हणून त्यांनी अलेक्झांडर शँड या स्कॉटिश बँकरला पगारावर ठेवलं. हा आधी योकोहामात ज्या मर्कंटाइल बँकेत होता तिचा जन्म आपल्या मुंबईतला, 1853 सालचा. शँडने लिहिलेलं बँकेच्या हिशेबाचं पुस्तक 1873 मध्ये जपानीत निघालं आणि जपानी कारकून दुहेरी नोंद शिकले.

योकोहामात शँडच्या घरी एक पोरगा वरकाम करायचा. नाव ताकाहाशी कोरेकियो. पुढे हा पोरगा शिकायला म्हणून कॅलिफोर्नियाला गेला तर तिथे त्याला चक्क वेठबिगार म्हणून विकलं. तिथून सुटून तो परतला, चढत चढत बँक ऑफ जपानचा डेप्युटी गव्हर्नर झाला आणि 1904 मध्ये रशियाशी चाललेल्या युद्धासाठी कर्ज उभारायला लंडनला पोचला. तिथल्या बँकेत त्याला मदत करायला कोण असावं? शँडसाहेब! हा वरकाम्या पुढे जपानचा अर्थमंत्री झाला आणि पंतप्रधानही.

धर्म बदल, खुर्ची घे

फ्रान्सने हा जुगार दोनदा खेळला. पहिल्यांदा जॉन लॉ. हा स्कॉटिश गडी पत्त्यांत पटाईत. 1694 मध्ये लंडनला द्वंद्वात एकाला मारलं, फाशीची शिक्षा झाली, तुरुंगातून पळाला. अशा माणसाला फ्रान्सने 1716 मध्ये बँक काढू दिली! तो आधी कॅथलिक झाला आणि 1720 मध्ये अर्थखात्याचा महानियंत्रकही. वर्ष संपायच्या आत कागदी नोटांचा फुगा फुटला आणि लॉ पुन्हा पळाला.

1777 मध्ये दुसरा आला, जिनिव्हाचा नेकर. हा प्रॉटेस्टंट, आणि धर्म बदलेना. मग काम सगळं महानियंत्रकाचं, पण हुद्दा नाही. नावापुरतं वेगळंच पद दिलं. राजाने त्याला 11 जुलै 1789 रोजी काढलं, पॅरिस खवळलं आणि तीन दिवसांनी बॅस्टील पडलं. एका परक्या अर्थतज्ज्ञाला नारळ दिल्याची इतकी किंमत दुसऱ्या कुणी मोजली नसावी.

आपल्याकडेही

1857च्या उठावाने कंपनी सरकारची तिजोरी रिकामी झाली, तेव्हा लंडनहून जेम्स विल्सन आला. मूळ धंदा टोप्यांचा. मग 'द इकॉनॉमिस्ट' नियतकालिक काढलेलं. 1860 मध्ये त्याने भारताचा पहिला अर्थसंकल्प मांडला, वर्षाला 200 रुपयांवर कमाई असलेल्यांना प्राप्तिकर लावला आणि त्याच ऑगस्टमध्ये कलकत्त्यात हगवणीने गेला. माणूस नऊ महिने राहिला, कर अजून आहे.

रिझर्व्ह बँकेचा पहिला गव्हर्नर ऑस्बर्न स्मिथ हाही ऑस्ट्रेलियातल्या बँकांत मुरलेला. 1935 ते 1937 खुर्चीवर होता, पण एकाही नोटेवर त्याची सही नाही. त्या खुर्चीवर पहिला भारतीय बसला 1943 मध्ये: आपले रायगडचे चिंतामणराव देशमुख.

तसं म्हटलं तर आपण माणसं नाही, हुद्दे आयात केले. फडणीस, पोतनीस, जमेनीस यांतला 'नीस' हा फारसीतला 'नवीस', म्हणजे लिहिणारा. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून मुजुमदाराचा अमात्य केला. आडनावं मात्र कुणी बदलली नाहीत.

अलीकडच्या उसनवाऱ्या

लंडनने 2012 मध्ये बँक ऑफ इंग्लंडच्या गव्हर्नरपदासाठी चक्क जाहिरात दिली आणि निवडला कॅनडाचा मार्क कार्नी. 1694 पासूनचा पहिला परदेशी. पगाराशिवाय घरासाठी वर्षाला अडीच लाख पौंडांचा भत्ता! मुंबईत भाड्याने राहणाऱ्यांनी हा आकडा पुन्हा वाचू नये.

आइसलँडच्या बँका बुडाल्यावर 2009 मध्ये मध्यवर्ती बँक काही महिने एका नॉर्वेजियनाने चालवली, तीही 'हंगामी' म्हणून, कारण कायम नेमणुकीला नागरिकत्वाची अट आडवी येत होती. युक्रेनने ही अडचण झटक्यात सोडवली: 2 डिसेंबर 2014 रोजी शिकागोजवळ जन्मलेल्या नताली यारेस्को यांना नागरिकत्वही दिलं आणि अर्थमंत्रिपदही. त्याच दिवशी.

न्यूझीलंडची गोष्ट मात्र साध्या कारकुनी पातळीवरची. तिथे ऑडिटरांची भर परदेशांतून पडते. कोविडमध्ये सीमा बंद, ऑडिटर येईनात, सरकारी संस्थांचे ताळेबंद अडकले. शेवटी 2021 मध्ये संसदेने कायदा करून मुदत दोन महिने वाढवली. आपल्याकडे तारीख वाढते ती रिटर्न भरणाऱ्यांच्या आरड्याओरड्याने. तिथे विमानं उडत नाहीत म्हणून वाढली.

असा परदेशी कामाला गेलेल्या हिशेबनिसाला सगळ्यात जास्त छळतं ते कॅलेंडर. ब्रिटनचं करवर्ष 6 एप्रिलला सुरू होतं, कारण 1752 मध्ये पंचांग सुधारताना 11 दिवस गाळले आणि कर वसूल करणाऱ्यांना ते सोडवेनात. अमेरिकेचं केंद्र सरकार 1 ऑक्टोबरला नवी वही उघडतं, ऑस्ट्रेलिया 1 जुलैला. सिडनीला पोचलेला आपला सीए पहिल्या वर्षी 31 मार्चला संध्याकाळी पाच वाजता घरी जातो, गावाकडे फोन लावून मित्रांना चिडवतो. जूनमध्ये तो फोनच उचलत नाही.