वेरूळ पाहून गेलेला फ्रेंच ऑपेराकार

फ्रेंच ऑपेराकार म्हटला की आपल्याला पॅरिस आठवते. पण आल्बेर रुसेल (१८६९–१९३७) स्वतः महाराष्ट्रात येऊन गेला होता. आधी नौदलात अधिकारी असलेल्या रुसेलने १८९४मध्ये नोकरी सोडून संगीताची वाट धरली. १९०९मध्ये पत्नी ब्लाँशसह तो भारतात आला आणि त्याने वेरूळची लेणी पाहिली. त्या अंधाऱ्या गाभाऱ्यांतून आणि पुढे जयपूर, काशीच्या दर्शनातून ‘एव्होकासिऑं’ ही तीन भागांची वाद्यवृंदरचना जन्मली. तिचा पहिलाच भाग गुहांच्या सावलीतल्या देवांवर आहे. ती १९१२मध्ये पॅरिसला सादर झाली.

याच प्रवासात पाहिलेल्या चितोडच्या भग्न किल्ल्यातून ‘पद्मावती’ हा दोन अंकी ऑपेरा-बॅले आकाराला आला. संहिता लुई लालवा यांची. पहिले महायुद्ध मध्ये आल्याने तो १९२३मध्ये पॅरिस ऑपेरात रंगमंचावर आला. २००८मध्ये पॅरिसच्या शातले नाट्यगृहात तो पुन्हा उभा राहिला, तेव्हा दिग्दर्शक होते संजय लीला भन्साळी!

रुसेलची पत्रे आणि लेख १९८७मध्ये फ्रेंचमध्ये पुस्तकरूपाने आले. त्यांचा मराठी अनुवाद व्हायला हवा, असे मला मनापासून वाटते. तोवर वेरूळचा रस्ता धरा. छत्रपती संभाजीनगरपुढे साधारण ३० किलोमीटरवर वेरूळ आहे. जाताना ‘एव्होकासिऑं’चा पहिला भाग ऐका.