शोरूममधलं गाडीचं कर्ज: गैरसमज आणि वस्तुस्थिती

गाडी पसंत पडली की सेल्समन लगेच विचारतो, "लोन करायचंय ना? आपल्याकडेच होऊन जाईल." कागद तिथेच भरले जातात, सह्याही तिथेच होतात. म्हणून कर्ज डीलरनेच दिलं, असं अनेकांना वाटतं आणि पुढचे बरेचसे गैरसमज यातूनच निघतात. डीलर इथे मध्यस्थ असतो. कर्जाचा करार होतो तो तुमच्यात आणि बँकेत किंवा फायनान्स कंपनीत.

गाडीत दोष निघाला की हे नडतं. "गाडी नीट करून देत नाहीत ना, मग मी हप्ताच भरत नाही," हा विचार माणसाला सुचणं साहजिक आहे, पण तो फार महागात पडतो. अमेरिकेत १९७६ पासूनच्या नियमानुसार विक्रेत्याविरुद्धची तक्रार त्याने जोडून दिलेल्या कर्जदात्यापुढेही मांडता येते. आपल्याकडे असा सरसकट नियम नाही. तो असायला हवा, असं माझं ठाम मत आहे. तोवर हप्ता थांबवला तर दंड लागतो, क्रेडिट स्कोअर घसरतो. खात्यात पैसे नसल्यामुळे ऑटो-डेबिट परत गेलं, तर पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायदा, २००७ च्या कलम २५ खाली फौजदारी खटलाही होऊ शकतो, अगदी चेक न वटल्यासारखा.

भांडायचं ते डीलरशी आणि गाडी बनवणाऱ्या कंपनीशी, जिल्हा ग्राहक आयोगात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. गाडीसाठी मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असली तर जिल्हा आयोग चालतो, ५ लाखांपर्यंत शुल्कच नाही आणि वकील सक्तीचा नाही. मुदत मात्र दोन वर्षांची.

"व्याज फक्त सात टक्के," असं सांगितलं की आधी विचारा: फ्लॅट (म्हणजे शेवटपर्यंत मूळ रकमेवर) की घटत्या शिलकीवर? पाच लाख रुपये, पाच वर्षं, सात टक्के फ्लॅट, म्हणजे महिना ११,२५० रुपयांचा हप्ता. घटत्या शिलकीवर हिशेब केला तर तोच दर जवळपास साडेबारा टक्के निघतो. हे झाकलं जाऊ नये म्हणून १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेने प्रत्येक नव्या किरकोळ कर्जासोबत 'की फॅक्ट्स स्टेटमेंट' देणं बंधनकारक केलं आहे. त्यात सर्व खर्च धरून वार्षिक दर असतो आणि ते तुम्हाला कळणाऱ्या भाषेत हवं, म्हणजे मराठीत मागा. त्यात न लिहिलेलं शुल्क तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय घेता येत नाही. सात दिवस किंवा त्याहून जास्त मुदतीच्या कर्जाला विचार करायला किमान तीन कामाचे दिवस मिळतात. हे दिवस सहीच्या आधीचे. "तीन दिवसांत गाडी परत करता येते" असा कायदा नाही.

विमा शोरूममधूनच घ्यावा लागतो, हेही खरं नाही. कंपनी निवडणं तुमच्या हातात आहे.

आणि "दोन हप्ते चुकले की माणसं येऊन गाडी उचलून नेतात, आपण काही करू शकत नाही" ही भीती. करारात तशी तरतूद असेल तर गाडी ताब्यात घेता येते, पण गुंडगिरी करून नाही. २००७ मध्ये प्रकाश कौर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बँकेला याच कारणावरून खडसावलं होतं. नोटीस किती दिवसांची, लिलावाआधी पैसे भरण्याची शेवटची संधी कशी, हे फायनान्स कंपनीने करारातच लिहायला हवं. वसुलीचे फोन सकाळी ८ ते संध्याकाळी ७ याच वेळेत. हे पाळलं नाही तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत समाधान झालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, विनामूल्य.

शेवटचा हप्ता फिटला म्हणजे सगळं मिटलं, असंही नाही. आरसीवरची हायपोथिकेशनची, म्हणजे गाडी कर्जापोटी तारण असल्याची, नोंद आपोआप निघेल या भरवशावर राहू नका. बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन आरटीओत ती काढून घ्या. गाडी विकायची वेळ येण्याआधी हे काम उरकून टाका.