केमोथेरपीच्या काळातील व्यायाम : स्तनकर्करोगाच्या रुग्णेस किती व कसा?

स्तनाचा कर्करोग हा आज भारतीय स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग आहे. शस्त्रकर्म व केमोथेरपी रुग्णालयात होते; परंतु दोन केमोथेरपींच्या मधल्या दिवसांत रुग्णा घरी असते आणि अनेकदा आपल्या चिकित्सालयात वा औषधालयात येते. तिचे प्रश्न बहुधा दोनच असतात. "ताकदीसाठी काही द्या" हा पहिला, आणि "हिंडूफिरू की पडून राहू?" हा दुसरा. पहिल्या प्रश्नाची उत्तरे आपल्याजवळ पुष्कळ असतात. दुसऱ्यास मात्र आपण व रुग्णेचे आप्त मिळून एकच उत्तर देत आलो आहोत : "पूर्ण विश्रांती घ्या." हे उत्तर कितपत योग्य आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात आम्ही करीत आहोत.

विश्रांतीने हा थकवा का जात नाही?

श्रमाने आलेला थकवा झोपेने जातो. केमोथेरपीतील थकवा तसा नाही. रात्रभर झोप होऊनही रुग्णा सकाळी गळून गेलेली असते. ती अधिकाधिक पडून राहू लागली की स्नायू क्षीण होतात आणि हृदय-फुप्फुसांची कार्यक्षमता उतरते. मग जिना चढणे, कपडे वाळत घालणे अशी किरकोळ कामेही जड वाटू लागतात, आणि त्यामुळे ती आणखी पडून राहते. अशा रीतीने थकव्यावर केलेला उपायच थकव्याचे कारण होऊन बसतो.

येथे आणखी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. वांती टाळण्यासाठी दिली जाणारी डेक्सामेथासोनसारखी स्टिरॉइड्स, अकाली येणारी रजोनिवृत्ती व हालचालींचा अभाव यांमुळे स्तनकर्करोगाच्या अनेक रुग्णांचे वजन केमोथेरपीच्या काळात वाढते. काट्यावर वाढ दिसते. परंतु ती मेदाची असते आणि त्याच वेळी मांसधातू क्षीण होत असतो. म्हणून केवळ वजन पाहून "प्रकृती सुधारली" असे अनुमान काढू नये. खुर्चीतून हातांच्या आधाराविना उठता येते का, हे पाहणे अधिक उपयुक्त आहे.

संशोधन काय सांगते?

या विषयातील आरंभीचे काम अमेरिकेतील ओहायो येथे मॅकव्हिकर व विनिंगहॅम यांनी केले. केमोथेरपी घेणाऱ्या ४५ स्त्रियांवरील त्यांचा अभ्यास १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्यातून तीन वेळा स्थिर सायकल चालविणाऱ्या स्त्रियांची कार्यक्षमता दहा आठवड्यांत लक्षणीय वाढली.

कॅनडातील तीन केंद्रांत कर्निया व सहकाऱ्यांनी केलेला 'स्टार्ट' अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात केमोथेरपी सुरू होणाऱ्या २४२ स्त्रियांचे तीन गट करण्यात आले : नेहमीची शुश्रूषा, श्वसनक्षमता वाढविणारा व्यायाम, आणि वजने उचलून केलेला बलवर्धक व्यायाम. पहिल्या प्रकारच्या व्यायामाने हृदय-फुप्फुसांची क्षमता टिकली. दुसऱ्याने स्नायूंचे बल व मांस वाढले. दोन्हींमुळे आत्मविश्वास वाढला आणि हाताची सूज कोणत्याही गटात वाढली नाही. मात्र जीवनमानाच्या ज्या मोजमापासाठी मुख्यतः हा अभ्यास आखला होता, त्यात संख्याशास्त्रीयदृष्ट्या निश्चित फरक आढळला नाही, हेही सांगितले पाहिजे.

याच अभ्यासात एक अनपेक्षित गोष्ट दिसली. नियोजित केमोथेरपीची किमान ८५ टक्के मात्रा वेळेवर पूर्ण होऊ शकलेल्या स्त्रियांचे प्रमाण नेहमीच्या शुश्रूषेच्या गटात ६५.९ टक्के, श्वसनक्षमतेच्या गटात ७४.४ टक्के व बलवर्धक व्यायामाच्या गटात ७८ टक्के होते. या आकड्याचे महत्त्व वैद्यांनी जाणून घ्यावे. मिलान येथील बोनाडोना यांनी १९९५ मध्ये मांडलेल्या वीस वर्षांच्या पाठपुराव्यात, केमोथेरपीची किमान ८५ टक्के मात्रा मिळालेल्या स्त्रियांनाच उपचाराचा खरा लाभ झाल्याचे दिसले होते. मात्रा कमी करावी लागणे वा तारीख पुढे ढकलावी लागणे ही म्हणून साधी बाब नव्हे.

नेदरलँड्समधील २३० रुग्णांच्या अभ्यासाने (२०१५) हे चित्र अधिक स्पष्ट केले. घरी करावयाचा सौम्य व्यायाम व फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखालील मध्यम ते तीव्र व्यायाम, या दोन्ही गटांत मळमळ, वांती व वेदना कमी राहिल्या. परंतु केमोथेरपीच्या मात्रेत बदल करावा लागण्याचे प्रमाण देखरेखीच्या गटात १२ टक्के, तर घरच्या व्यायामाच्या व नेहमीच्या शुश्रूषेच्या गटांत ३४ टक्के होते. म्हणजे सौम्य हालचाल लक्षणांस उपयोगी पडते. मात्रा टिकविण्याचा लाभ मात्र त्यातून मिळेलच असे नाही.

आपल्या देशात बंगळूरु येथे ६२ स्तनकर्करोग रुग्णांवर झालेल्या अभ्यासात (२००७) योगाभ्यास करणाऱ्यांमध्ये केमोथेरपीतील मळमळ कमी आढळली. अमेरिकेतील वैद्यकीय कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ मध्ये, रोग बरा करण्याच्या हेतूने उपचार चालू असलेल्या रुग्णांना चिकित्सकांनी नियमित व्यायाम सुचवावा, अशी स्पष्ट शिफारस केली. व्यायामाने स्तनकर्करोगातील आयुष्यमान वाढते असे मात्र आज निश्चित म्हणता येत नाही. 'स्टार्ट'च्या पाठपुराव्यात आठ वर्षांनी रोगमुक्त राहिलेल्यांचे प्रमाण व्यायाम करणाऱ्यांत ८२.७ टक्के व इतरांत ७५.६ टक्के होते; परंतु हा फरक संख्याशास्त्रीय कसोटीस उतरला नाही. रुग्णेस तसे आश्वासन आपण देऊ नये.

ग्रंथोक्त विचाराशी विरोध आहे काय?

सुश्रुताचार्यांनी कृश, शोषी, क्षताने पीडित व भ्रमार्त अशांना व्यायाम वर्ज्य सांगितला आहे. केमोथेरपी घेणारी रुग्णा यांपैकी एका वा अनेक वर्गांत मोडते. मग तिला व्यायाम सांगणे शास्त्रविरुद्ध ठरत नाही काय?

या प्रश्नाचे उत्तर त्याच अध्यायात आहे, असे आम्हांस वाटते. चिकित्सास्थानाच्या चोविसाव्या अध्यायात सुश्रुतांनी चंक्रमणाचा विचार व्यायामाहून स्वतंत्रपणे केला आहे. देहास फार पीडा न देणारे चालणे आयुष्य, बल, मेधा व अग्नी देणारे आहे, असे ते सांगतात. म्हणजे व्यायाम निषिद्ध असताना हालचालही निषिद्ध होते, असे नाही. व्यायाम ज्यांना विहित आहे त्यांनाही तो अर्ध्या बलानेच करण्याची मर्यादा आहे. चरकाचार्यांनीही सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात स्थैर्य व बलवर्धन हे व्यायामाचे प्रयोजन सांगून तो मात्रेनेच करावा असे म्हटले आहे, आणि अतिव्यायामाच्या उपद्रवांत क्लम, क्षय, ज्वर व छर्दी यांची गणना केली आहे. त्यामुळे खरा प्रश्न मात्रेचा आहे, आणि ती रुग्णेच्या त्या दिवशीच्या बलावरून ठरवावयाची आहे. क्षीण रुग्णेने चंक्रमणापासून आरंभ करावा व बल येईल तसे पुढे जावे, हा क्रम दोन्ही शास्त्रांस मान्य होण्यासारखा आहे.

बलार्धाच्या लक्षणांबाबत मात्र येथे सावधानता हवी. कपाळ, नाक, काख व सांध्यांच्या ठिकाणी घाम येणे व मुखशोष ही लक्षणे आपण परंपरेने पाहतो. परंतु केमोथेरपीमुळे रजोनिवृत्ती आलेल्या स्त्रीस बसल्याजागीही घाम फुटतो, आणि तोंडाची कोरड औषधांमुळेही असते. म्हणून सुश्रुतांनी सांगितलेले श्वासाचे लक्षण, म्हणजे हृदयस्थ वायू मुखाकडे येऊ लागणे, हेच येथे अधिक विश्वसनीय मानावे. चालताना पूर्ण वाक्य बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, ही मध्यम व्यायामाची आधुनिक खूण त्याच्याशी बरीच जुळते.

प्रत्यक्ष योजना

आरंभापूर्वी उपचार करणाऱ्या कर्करोगतज्ज्ञांची संमती घ्यावी. डॉक्सोरुबिसिन व ट्रास्टुझुमॅब या औषधांचा हृदयावर परिणाम होऊ शकतो. म्हणून हृदयतपासणीचा अहवाल त्यांनी पाहिलेला असणे आवश्यक आहे.

१. चालणे : 'स्टार्ट' अभ्यासात आठवड्यातून तीन वेळा १५ मिनिटांपासून आरंभ करून, दर तीन आठवड्यांनी पाच मिनिटे वाढवीत ४५ मिनिटांपर्यंत नेले होते. १५ मिनिटे सलग जमत नसल्यास पाच-पाच मिनिटांचे तीन भाग करावेत.

२. बलवर्धक व्यायाम : आठवड्यातून दोन वेळा. खुर्चीतून उठणे-बसणे, भिंतीवर हात टेकून दंड, टाचा उचलणे, पाण्याच्या लहान बाटल्या उचलणे. प्रत्येक प्रकार ८ ते १२ वेळा, दोन आवर्तने. शस्त्रकर्म झालेल्या बाजूच्या हाताचा व्यायाम जखम भरल्यावर फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावा.

३. चक्रानुसार बदल : तीन आठवड्यांच्या चक्रात पहिले काही दिवस थोडेच चालावे. साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत श्वेत पेशी कमी असतात. तेव्हा व्यायामशाळा व गर्दीची उद्याने टाळून गच्चीवर वा घरातच फिरावे. तिसऱ्या आठवड्यात प्रमाण वाढवावे.

४. पॅक्लिटॅक्सेलने तळपाय बधिर झाले असल्यास पडण्याचा धोका असतो. सपाट जागी, मागे पट्टा असलेली पादत्राणे घालूनच चालावे.

"त्या हाताने काहीच उचलू नका" हा सरसकट उपदेशही आता तपासून पाहिला पाहिजे. हाताला आधीच सूज असलेल्या, उपचार पूर्ण झालेल्या १४१ स्त्रियांच्या अभ्यासात (२००९) क्रमाक्रमाने वजने उचलणाऱ्यांत सूज बळावण्याचे प्रमाण १४ टक्के, तर न उचलणाऱ्यांत २९ टक्के होते. अर्थात एकदम भरलेली कळशी उचलणे म्हणजे क्रमाक्रमाने वाढविलेला व्यायाम नव्हे.

"घरकाम करते तोच व्यायाम" हे उत्तरही अनेकदा ऐकू येते. घरकाम थकवते, पण ते बलानुसार क्रमाने वाढत जात नाही. कामाचा काही भार घरातील इतरांनी उचलला, तर उरलेले बल व्यायामास लावता येईल. हे रुग्णेस सांगून भागत नाही. तिच्यासोबत आलेल्या पतीस वा सासूबाईंस सांगावे लागते.

केव्हा थांबवावे?

ज्वर, छातीत दुखणे, विश्रांतीतही धाप, चक्कर, नवीन रक्तस्राव, एकाच पायास वेदनेसह सूज, हाडात नव्याने उद्भवलेली वेदना, यांपैकी काहीही दिसल्यास व्यायाम थांबवून रुग्णेस त्वरित तिच्या रुग्णालयात पाठवावे. रोग हाडांत पसरलेला असल्यास, अथवा रक्तकण वा प्लेटलेट्स फार घटल्या असल्यास व्यायामाचा निर्णय कर्करोगतज्ज्ञांवरच सोपवावा.

औषधालय चालकांसाठी

केमोथेरपी घेणाऱ्या रुग्णेस ३८ अंश सेल्सियस (१००.४ अंश फॅरनहाइट) वा त्याहून अधिक ज्वर असल्यास तापाची गोळी अथवा काढा देऊन घरी पाठवू नये. श्वेत पेशी घटलेल्या असताना साधा वाटणारा ताप काही तासांत प्राणघातक होऊ शकतो. तसेच 'शक्तीसाठी' म्हणून कोणतेही रसायन, भस्म वा चूर्ण कर्करोगतज्ज्ञांस कळविल्याविना देऊ नये. पिप्पली व मरिच यांतील पायपेरिन हे द्रव्य यकृतातील औषधांच्या चयापचयात फेरफार करते. पॅक्लिटॅक्सेलसारख्या औषधांचे विघटनही यकृतातच होते. त्रिकटूसारखे नित्याचे कल्पही म्हणूनच या काळात निरुपद्रवी समजू नयेत.

रुग्णेच्या पहिल्या प्रश्नास, म्हणजे ताकदीच्या औषधास, या काळात आपण पुष्कळदा "थांबा" असेच उत्तर देणे योग्य होईल. दुसऱ्या प्रश्नास मात्र, तिच्या तज्ज्ञांची संमती असल्यास, "आज किती चाललात?" असे विचारून आरंभ करता येईल. प्रत्येक भेटीत चाललेली मिनिटे, उठण्या-बसण्याची आवर्तने व केमोथेरपीची ठरलेली आणि प्रत्यक्ष झालेली तारीख यांची नोंद केसपेपरवर ठेवावी, अशी आमची सर्व सभासदांस विनंती आहे.