७०३ भाग, एक शून्य

‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी विज्ञानकथेच्या पहिल्या पाच मालिकांचे (कार्टून मालिका सोडून) मिळून ७०३ भाग होतात. १९६६ ते २००५ या काळातल्या या भागांत उघडपणे समलैंगिक असलेल्या कायम पात्रांची संख्या शून्य आहे.

बेरीज अशी: मूळ मालिका ७९, ‘नेक्स्ट जनरेशन’ १७८, ‘डीप स्पेस नाइन’ १७६, ‘व्हॉयेजर’ १७२, ‘एंटरप्राइज’ ९८. समलैंगिकतेच्या विषयाला हात घातला म्हणून नाव घेतले जाते ते मुख्यत्वे दोन भागांचे, १९९२चा ‘दि आउटकास्ट’ आणि १९९५चा ‘रीजॉइन्ड’. ७०३ पैकी २ म्हणजे ०.२८ टक्के. ‘दि आउटकास्ट’मध्ये स्त्री-पुरुष हा भेदच न मानणारी एक जमात आहे. तिच्यातली सोरेन स्वतःला स्त्री समजते, म्हणून तिच्यावर ‘उपचार’ केले जातात. सोरेनची भूमिका अभिनेत्रीला दिली गेली. तिच्या प्रेमात पडणाऱ्या रायकरचे काम करणारे जोनाथन फ्रेक्स यांनी पुढे बोलून दाखवले की तिथे पुरुष नट हवा होता. निर्मात्यांनी विषय घेतला, पण त्या भागात पडद्यावर दिसले ते पुरुष नट आणि अभिनेत्री यांचेच चुंबन.

शून्याचा एक झाला तो २०१७मध्ये, ‘डिस्कव्हरी’ या मालिकेत. शास्त्रज्ञ स्टॅमेट्स आणि डॉक्टर कल्बर हे त्यातले जोडपे. २०२०च्या तिसऱ्या हंगामात स्वतःला स्त्री किंवा पुरुष न म्हणवणारे एडीरा आणि पारलिंगी ग्रे ही दोन पात्रे आली. १९६६पासून मोजले तर या मालिकांना कृष्णवर्णीय नायक मिळायला २७ वर्षे लागली, स्त्री कॅप्टन मुख्य भूमिकेत यायला २९ आणि समलैंगिक जोडपे यायला ५१. प्रकाशापेक्षा जास्त वेग मात्र पहिल्याच वर्षी मिळाला होता.

मराठी वाचकाने इथे एक तारीख शेजारी ठेवून पाहावी. विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ १९८१मध्ये रंगमंचावर आले. नाटकाचा काळ स्वातंत्र्यापूर्वीचा, जागा कॉलेज आणि मध्यवर्ती पात्र स्त्रीवर प्रेम करणारी स्त्री. ती भूमिका रोहिणी हट्टंगडी यांनी केली. पुढच्याच वर्षी जब्बार पटेलांच्या ‘उंबरठा’ चित्रपटाने महिला सुधारगृहातले असे नाते दाखवले. म्हणजे ‘दि आउटकास्ट’ला मराठी नाटक ११ वर्षे आधीचे आणि ‘डिस्कव्हरी’ला ३६ वर्षे. तेंडुलकरांनी गोष्ट मागच्या काळात घातली, पटेलांनी चालू काळात. अमेरिकी मालिकेकडे तेविसावे आणि चोविसावे शतक मोकळे पडले होते. जी गोष्ट घडून गेली आहे ती सांगायला धाडस लागते. जी घडेल असे गृहीत धरायचे, तिला वाहिनीची परवानगी लागते. १९६६ ते २००५ या काळातला शून्य मला या दुसऱ्या अडचणीचा वाटतो.

परवानगी किती मिळते याची मोजणी अमेरिकेत ग्लाड ही संस्था दरवर्षी करते. ती फक्त विज्ञानमालिकांची नसते, सर्व कथात्मक मालिकांची असते. २००५च्या सुमारास प्रमुख प्रसारण वाहिन्यांवरच्या कायम पात्रांत समलैंगिक, उभयलैंगिक, पारलिंगी आणि क्वीअर पात्रांचा वाटा दोन टक्क्यांहून कमी होता. २०२१-२२मध्ये तो ११.९ टक्क्यांवर, म्हणजे ७७५ पात्रांपैकी ९२ वर गेला. त्यापेक्षा मोठा आकडा ग्लाडने त्याआधी नोंदवलेला नाही.

त्याच्या आजूबाजूची दोन वर्षे जास्त बोलकी आहेत. २०२०-२१मध्ये वाटा ९.१ टक्के होता आणि २०२२-२३मध्ये १०.६ टक्के. वाढ दीड टक्क्याची दिसते. प्रत्यक्ष पात्रे दोन्ही वर्षी ७०च होती. एकूण कायम पात्रे ७७३ वरून ६५९ वर आली, छेद लहान झाला आणि टक्केवारी वर गेली. प्रतिनिधित्व वाढल्याची बातमी या आकड्यावर देणाऱ्याला वाढलेले पात्र दाखवता येणार नाही.

ओटीटी आणि केबल धरून केलेली मोजणी वेगळी दिशा दाखवते. २०२१-२२मध्ये अशी ६३७ पात्रे होती, २०२२-२३मध्ये ५९६ आणि २०२३-२४मध्ये ४६८. दोन वर्षांत १६९ म्हणजे २६.५ टक्के घट. २०२४-२५मध्ये आकडा ४८९ वर आला, वाढ ४.५ टक्के. मात्र या ४८९ पैकी २०१ पात्रे, म्हणजे ४१ टक्के, पुढच्या हंगामात दिसणार नाहीत. त्यांची मालिका संपली, बंद झाली किंवा त्यांना तिच्यातून काढले. आदल्या वर्षी हेच प्रमाण ३६ टक्के होते. पारलिंगी पात्रे २४ वरून ३३ झाली, वाढ ३७.५ टक्के. अहवाल आला तेव्हा या ३३ पैकी फक्त ४ पात्रांच्या मालिकांना पुढचा हंगाम अधिकृतपणे मंजूर झालेला होता.

बंद पडण्याचे कारण विचारले की निर्माते प्रेक्षकसंख्येकडे बोट दाखवतात. ‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश विज्ञानमालिकेचे आकडे यासाठी तपासण्यासारखे आहेत. १९६३पासून डॉक्टर या मुख्य पात्राच्या भूमिकेत आलेल्या १२ पुरुषांनंतर २०१८मध्ये जोडी व्हिटेकर ही तेरावी आणि पहिली स्त्री डॉक्टर आली. तिचा पहिला भाग ब्रिटनमध्ये १ कोटी ९ लाख ६० हजार लोकांनी पाहिला. २०१४मध्ये पीटर कॅपाल्डीचा पहिला भाग ९१ लाख ७० हजारांनी पाहिला होता. वाढ १९.५ टक्के. ऑक्टोबर २०२२मधला तिचा शेवटचा भाग सुमारे ५३ लाखांवर आला, घट ५१ टक्क्यांहून अधिक. पहिला आकडा एका बाजूचे लोक सांगतात, दुसरा दुसऱ्या बाजूचे. स्त्री आली म्हणून प्रेक्षक गेला असता तर तो पहिल्याच दिवशी गेला असता, आणि याच चार वर्षांत घराघरातला टीव्हीचा वेळ ओटीटीकडे वळत होता. पटकथांच्या दर्जाबद्दलच्या तक्रारी वेगळ्या, त्या या आकड्यांत दिसत नाहीत.

आता महाराष्ट्राशी थेट नाते असलेले उदाहरण. नेटफ्लिक्सची ‘सेन्स-एट’ जून २०१५मध्ये आली. लाना आणि लिली वाचोव्स्की या दोघी पारलिंगी बहिणी आणि जे. मायकल स्ट्रॅझिन्स्की हे तिचे निर्माते. जगाच्या वेगवेगळ्या शहरांतली आठ माणसे मनाने एकमेकांना जोडली जातात, ही कल्पना. आठांत ४ स्त्रिया आणि ४ पुरुष. आठांपैकी २ उघडपणे क्वीअर: सॅन फ्रान्सिस्कोची नोमी ही पारलिंगी स्त्री आणि मेक्सिको सिटीचा नट लितो. २५ टक्के. नोमीचे काम जेमी क्लेटन या पारलिंगी अभिनेत्रीने केले.

आठवी मुंबईची, आणि तिचे नाव कला दांडेकर. औषध कंपनीत काम करणारी, गणपतीची भक्त, मालकाच्या मुलाशी ठरलेले लग्न नकोसे झालेली. टीना देसाईने ती भूमिका केली, वडील अनुपम खेर. दांडेकरांच्या घरात सगळे इंग्रजीत बोलतात, हे मराठी माणसाला विज्ञानकथेचा भाग म्हणूनच स्वीकारावे लागते. पण पात्राचा प्रवास तपासला तर मोजणीतली एक अडचण दिसते. पहिल्या हंगामात कला कोणत्याही क्वीअर यादीत बसत नाही. जून २०१८च्या शेवटच्या भागात तिचे, नवरा राजनचे आणि बर्लिनच्या वुल्फगँगचे तिघांचे नाते सुचवले जाते. तिथे दोनाचे तीन होतात का, २५चे ३७.५ टक्के होतात का, हे मोजणाऱ्यावर अवलंबून आहे. मालिका २४ भागांत संपली. १ जून २०१७ला ती बंद केल्याचे जाहीर झाले आणि प्रेक्षकांनी आग्रह धरल्यावर निरोपाचा तो एक भाग निघाला.

भारतीय विज्ञानमालिकांच्या बाजूला आकडे लहान आहेत. ‘लैला’ (२०१९) ६ भाग, ‘जेएल ५०’ (२०२०) ४ आणि २०३१च्या गोव्यात घडणारी ‘ओके कॉम्प्युटर’ (२०२१) ६. तिन्ही मिळून १६. पैकी ‘लैला’त हुमा कुरेशी आणि ‘ओके कॉम्प्युटर’मध्ये राधिका आपटे अशा दोन मालिकांत स्त्री मुख्य भूमिकेत आहे. तीनांत दोन हे प्रमाण चांगले आहे, पण त्याचा छेद तीनच आहे.

हे सगळे नांदेड जिल्ह्याच्या १६ तालुक्यांपैकी एक असलेल्या कंधारमध्ये पोहोचते का? दर पाहिला तर पोहोचायला हवे. नेटफ्लिक्सचा मोबाइल प्लॅन महिना १४९ रुपये आहे. महाराष्ट्रात २०२५-२६साठी रोहयोची मजुरी दिवसाला ३१२ रुपये. महिन्याचा प्लॅन अर्ध्या दिवसाच्या मजुरीत येतो. त्या प्लॅनवर एका वेळी एकाच फोनवर पाहता येते, आणि फोन कोणाच्या हातात हा पुढचा आकडा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) राज्यात कधी ना कधी इंटरनेट वापरलेले पुरुष ६१.५ टक्के होते आणि स्त्रिया ३८ टक्के. फरक २३.५ टक्क्यांचा, आणि तो गाव-शहर एकत्र धरून. ग्लाडच्या २०२३-२४च्या ४६८ पात्रांपैकी ३२७, म्हणजे ७० टक्के, ओटीटीवर होती. आदल्या वर्षी हे प्रमाण ६० टक्के होते. पात्रे जिथे सरकत आहेत, तिथे पोहोचलेल्यांत स्त्रिया कमी आहेत. पैसे भरलेल्यालाही खात्री नाही: ‘डिस्कव्हरी’ नोव्हेंबर २०२१मध्ये, चौथा हंगाम दारात असताना, भारतातल्या नेटफ्लिक्सवरून उतरवली गेली.

तिसरा रकाना ठेवला की आकडा दिसू लागतो, हे पडद्याबाहेरही झाले आहे. २०११च्या जनगणनेत पुरुष १, स्त्री २ यांच्यापुढे ‘इतर ३’ हा संकेतांक पहिल्यांदा आला. देशात ४,८७,८०३ जणांची तशी नोंद झाली, महाराष्ट्रात ४०,८९१ जणांची. राज्यात लाखामागे ३६, देशात ४०. मतदारयादीत मात्र २०२४च्या लोकसभेला देशभरात तृतीयपंथी म्हणून ४८,२७२ नावे होती आणि त्यांतल्या २७.०९ टक्क्यांनी मत दिले. २०१९मध्ये मतदान १४.६४ टक्के होते.

जनगणनेच्या मुख्य तक्त्यांत मात्र ‘इतर’ची नोंद पुरुषांतच मिळवलेली आहे. नांदेड जिल्ह्यात पुरुष १७,३०,०७५ आणि स्त्रिया १६,३१,२१७, गुणोत्तर हजारी ९४३. राज्याची सरासरी लावून ‘इतर’ सुमारे १,२२० धरले आणि पुरुषांतून वजा केले, तर तेच गुणोत्तर ९४४ होते.