मुलांचा पहिला कडा

दिवाळी आली की मुंबई-पुण्याच्या चाळींतून आणि वाड्यांतून मातीचे किल्ले उभे राहतात. मुले बुरुजावर मावळे चढवतात, कड्यावर शिबंदी बसवतात. पण तीच मुले जिन्याच्या कठड्यावर चढली, की धपाटा खातात! चढण्याची हौस ही मुलाची उपजत भूक आहे. ती दडपल्याने मरत नाही; उलट चोरून, नको त्या जागी भागवली जाते. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत आपणच मुलाचा हात धरून त्याला योग्य खडकाशी नेलेले काय वाईट?

परंतु योग्य खडक ओळखायचा कसा? त्याचा उत्तम धडा भंडारा जिल्ह्यातील चिखला गावाच्या परिसरात मिळतो. तुमसर तालुक्यातले, सातपुड्याच्या पायथ्याचे हे गाव मँगनीजच्या खाणीसाठी प्रसिद्ध आहे. ही खाण ‘मॉईल’ या सरकारी कंपनीकडे आहे. कंपनीची स्थापना १९६२ सालची. सह्याद्रीचा काळा कातळ लाव्हारसाचा, तर इथला खडक त्याहून कितीतरी जुना, पृथ्वीच्या पोटात दाब आणि उष्णता सोसून रूप पालटलेला. कुठे तो पोलादासारखा टणक असतो, तर कुठे अभ्रकामुळे त्याचे पापुद्रे सुटतात. दोन्ही जवळजवळ आढळत असल्यामुळे पारख करणे भागच पडते.

या भागात मुलाच्या डोळ्यांत पहिल्यांदा भरतात ते खाणीचे उभे कडे आणि मालाचे ढिगारे. नेमके तेच वर्ज्य! खाणीचा कडा सुरुंगाने फोडलेला असतो. त्याला आतून चिरा गेलेल्या असतात आणि वरचा धोंडा केव्हा निसटेल याचा नेम नसतो. ढिगारा पायाखालून घसरतो. जुन्या खड्ड्यात पाणी साचले असेल तर काठापासून दोन हातांवर खोली किती, हे वरून कळत नाही. शिवाय काम चालू असलेल्या खाणीत मुलांना नेऊच नये. तेव्हा खाण दुरून दाखवावी, तिची गोष्ट सांगावी आणि पुढे चालू लागावे.

पुढे म्हणजे कोठे? याच तालुक्यात अंबागडचा किल्ला आहे. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद याच्या राजाखान नावाच्या पठाण सरदाराने तो १७०० सालाच्या सुमारास बांधला. महाशिवरात्रीच्या यात्रेमुळे ठाऊक असलेले गायमुखही याच तालुक्यातले. अशा ठिकाणी पायथ्याच्या बाजूने हिंडून पाहावे. मात्र किल्ल्याच्या तटाला मुलाला हात लावू देऊ नये. जुने चिरे ढिले असतात, आणि तो आपला ठेवाही आहे. रान वनखात्याचे असेल तर आधी विचारावे. कोका आणि नागझिरा ही अभयारण्ये. तिथे हा खेळ नाही.

दगड निवडताना पुढील कसोट्या लावाव्यात. उंची एवढीच असावी, की वर चढलेल्या मुलाच्या कमरेला खाली उभ्या बापाचा हात पोहोचेल. पायथा सपाट हवा. त्यात टोकदार धोंडा नको. मागच्या बाजूने चालत उतरता आले पाहिजे, कारण चढण्यापेक्षा उतरणे अवघड. लहान दगडाने खडकावर ठोकून पाहावे : ठणठणीत आवाज आला तर ठीक; बद्द, पोकळ आवाज आला तर दुसरा शोधावा. वर मधमाश्यांचे मोहोळ आहे का, भेगांत विंचू-साप आहेत का, तेही काठीने आणि डोळ्यांनी पाहून घ्यावे. पावसाळ्यानंतर शेवाळ वाळू द्यावे. विदर्भाच्या उन्हात खडक तव्यासारखा तापतो, म्हणून हिवाळ्यातील सकाळच बरी.

मुलाला शिकवण एकच : दोन हात, दोन पाय यांपैकी तीन नेहमी खडकावर टेकलेले, हलायचे ते एकाने. आणि आईबापांसाठीही नियम एकच : जिथवर मूल स्वतःच्या बळावर चढत नाही, तिथे त्याला उचलून ठेवू नये. ते जिथे थांबते, तीच त्या दिवसाची त्याची उंची. घसरलेच, तर त्याला झेलण्याची शर्थ करण्यापेक्षा डोके आणि पाठ सांभाळून पायांवर उतरवावे. याहून उंच चढायचे असेल, तर दोर, शिरस्त्राण आणि जाणता शिक्षक यांवाचून पाऊल टाकू नये.

पॅरिसजवळच्या फोंतेनब्लोच्या रानात बुटक्या दगडांवर पांढऱ्या खुणा करून खास मुलांसाठी चढणीचे मार्ग आखलेले आहेत. टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये, २०२१ साली, भिंत चढण्याच्या शर्यतींना प्रथमच स्थान मिळाले. आपल्या मुलांना पदकेच मिळवायची आहेत असे नव्हे. पण कमरेएवढ्या दगडावर उभे राहून ‘बाबा, बघा!’ म्हणणाऱ्या मुलाला एक गोष्ट कळलेली असते : कुठे हात घालावा, आणि कुठे घालू नये. ही पारख पुढे आयुष्यभर पुरते.