लॅपटॉप भिजला? आधी वीज तोडा, मग पाणी पुसा

अकोले तालुक्यातल्या घाटघर-रतनवाडीच्या पावसात बॅग भिजो, सीना-गोदावरीच्या पुराचं पाणी घरात शिरो, की टेबलावरचा चहा सांडो; लॅपटॉपचा घात नुसतं पाणी करत नाही. पाण्यातले क्षार आणि आतली चालू वीज मिळून तो करतात. बंद केलेल्या लॅपटॉपच्याही मदरबोर्डच्या काही भागांत बॅटरीची वीज असतेच, आणि ओलाव्यात ती तांबं कुरतडू लागते. चहात तर साखरेचा चिकट थरही मागे राहतो.

म्हणून कोरड्या हाताने भिंतीवरचं बटण बंद करून चार्जर काढा. पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून ठेवा. बॅटरी बाहेरून निघत असेल तर काढा. आत असेल तर दुरुस्तीवाल्याकडून तिचा कनेक्टर त्याच दिवशी सोडवून घ्या. तोवर लॅपटॉप उघडून तंबूसारखा पालथा ठेवा.

तांदळाच्या डब्याचा सल्ला कृपया विसरा! तांदूळ क्षार ओढत नाही, उलट त्याची पूड आत शिरते. क्षार काढायला ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश लागतो.

बॅटरीत पाणी गेलं असेल, तर माझं मत ठाम आहे: ती बदलाच. अशी लिथियम-आयन बॅटरी काही दिवसांनीही पेटू शकते. फुगलेली बॅटरी दाबू नका, टोचू नका, चार्ज करू नका आणि घंटागाडीत तर मुळीच टाकू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. कंपनीच्या सेवा केंद्रात चौकशी करून तिथेच द्या.