सिंगापूरचा पगार आणि घरचा हिशेब

कोकणातल्या मुस्लिम घरांना परदेश नवा नाही. आपल्या आजोबा-पणजोबांनी जहाजावर नोकऱ्या केल्या, कुणी आफ्रिकेला गेले, आणि गेल्या पन्नास वर्षांत कुवेत, दुबई, सौदी, बहरीन ही नावे शेजारच्या गावांइतकी ओळखीची झाली. या वाटेचा एक ठरलेला रिवाज होता. घरचा कर्ता माणूस एकटा जायचा, बायको-मुले अम्मी-अब्बांजवळ गावी राहायची, पैसे घरी यायचे आणि वर्षा-दोन वर्षांनी माणूस सुट्टीवर यायचा.

आता चित्र थोडे बदलले आहे. आम्ही ज्यांना उर्दू-मराठी शिकवले ती मुले इंजिनिअर, अकाउंटंट, संगणकतज्ज्ञ झाली. त्यांच्या बायकाही शिकलेल्या आहेत, कुणी नोकरी करतात. अशा एखाद्या घरात सिंगापूरहून नोकरीचे पत्र येते आणि पहिला प्रश्न उभा राहतो: सगळ्यांनी मिळून जायचे, की जुन्या रिवाजाप्रमाणे एकट्याने? आमच्याकडे सल्ल्याला येणाऱ्यांना आम्ही एकच सांगतो. पगाराचा आकडा रुपयांत गुणण्याआधी तिथल्या खर्चाची वही मांडा, आणि ती वही नवरा-बायको दोघांनी मिळून मांडा.

बेट लहान, जागा महाग

सिंगापूर हा देश म्हणजे मुळात एक बेट आणि भोवतालची छोटी बेटे. सगळे मिळून क्षेत्रफळ सुमारे ७३५ चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईपेक्षा थोडे जास्त. लोकसंख्या ६० लाखांच्या घरात. वाढायला जागाच नाही, म्हणून घर महाग. बहुतेक स्थानिक लोक सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या इमारतींत राहतात आणि बाहेरून आलेली कुटुंबेही बहुधा तशाच इमारतीत भाड्याने घर घेतात.

मोटारीचे तर विचारूच नका. रस्त्यांवर गर्दी होऊ नये म्हणून १९९० पासून तिथे गाडी घेण्याआधी दहा वर्षांचा परवाना लिलावात विकत घ्यावा लागतो. अलीकडे त्या परवान्याचीच किंमत एक लाख डॉलरच्या आसपास किंवा वर गेली आहे. गाडीची किंमत वेगळी. पण बस आणि मेट्रो उत्तम आहेत, त्यामुळे गाडीवाचून कुणाचे अडत नाही.

आता वही उघडू या

समजा, ३२ वर्षांच्या तरुणाला महिना ८,००० सिंगापूर डॉलर पगार मिळतो आहे. एका डॉलरचे ६५ रुपये धरले तर ५ लाख २० हजार रुपये झाले. हा आकडा गावात पोहोचला की मुबारकबादी सुरू होते. आता पत्नी, सहा वर्षांचे एक आणि तीन वर्षांचे एक अशी दोन मुले घेऊन तो गेला, तर खर्च साधारण असा पडेल. आकडे नमुन्यादाखल आहेत, घराघरांत थोडे खालीवर होतील.

दोन-तीन खोल्यांच्या साध्या घराचे भाडे ३,२००. वीज, पाणी, इंटरनेट, फोन ३००. किराणा आणि जेवणखाण १,२००. बस-मेट्रो २५०. मोठ्या मुलाची भारतीय अभ्यासक्रमाची खासगी शाळा १,५००. धाकट्याची बालवाडी ९००. आयकरासाठी बाजूला ३३०. औषधपाणी आणि विमा २००.

बेरीज ७,८८०. शिल्लक १२० डॉलर, म्हणजे ७,८०० रुपये. ईदला गावी येण्याची चार तिकिटे यात धरलेली नाहीत. अम्मी-अब्बांना पाठवायची रक्कमही नाही.

तोच तरुण एकटा गेला आणि एखाद्या कुटुंबाच्या घरात एक खोली घेऊन राहिला, तर खोलीचे १,०००, जेवणाचे ५००, प्रवासाचे १२०, फोनचे ५०, कराचे ३३०, औषधाचे १००, असे २,१०० डॉलर लागतील. शिल्लक ५,९००. रुपयांत ३ लाख ८३ हजार ५००.

या दोन शिल्लक रकमांमधला फरक ही कुटुंब एकत्र राहण्याची किंमत आहे. ती द्यावी की न द्यावी, हे कुणा तिसऱ्याने सांगायचे नाही. दरमहा पावणेचार लाख रुपये एकीकडे आणि मुलांना रोज बाप दिसणे दुसरीकडे. आखाताच्या वाटेने वाढलेल्या पिढीला या दुसऱ्या गोष्टीचे मोल समजावून सांगावे लागत नाही.

काही बाबी या वहीत सहसा सुटतात. तिथे आयकर दरमहा पगारातून कापला जात नाही. पुढच्या वर्षी हिशेब येतो आणि तेव्हा एकदम पैसे मागतात, म्हणून दरमहा बाजूला ठेवलेच पाहिजेत. तिथला भविष्यनिर्वाह निधी फक्त नागरिक आणि कायम रहिवाशांसाठी आहे. परदेशी नोकरदाराच्या नावे मालक काहीच भरत नाही. इथला पीएफ बंद आणि तिथला नाही, म्हणून म्हातारपणाची बचत स्वतःच करायची. दवाखान्यात सरकारी सवलत परदेशी माणसाला मिळत नाही, त्यामुळे कंपनीचा विमा पत्नी-मुलांनाही लागू आहे का, हे सहीआधी विचारावे.

घर घेताना दोन वर्षांच्या करारावर बहुधा दोन महिन्यांची अनामत आणि एक महिन्याचे भाडे आधी द्यावे लागते. वरच्या उदाहरणात ते ९,६०० डॉलर होतात, म्हणजे सव्वासहा लाख रुपये, आणि तेही पहिला पगार हातात पडण्याआधी. पहिल्या काही आठवड्यांचा मुक्काम आणि तिकिटे कंपनी देते का, हेही पत्रातच लिहून घ्यावे. नोकरी गेली तर वर्षानंतर करार मोडता येईल, असे कलम परदेशी भाडेकरू मागू शकतो. ते जरूर मागावे.

कायदा काय म्हणतो

नोकरीचा परवाना मालकाने काढायचा असतो. २०२५ पासून वरच्या दर्जाच्या परवान्यासाठी किमान पगार ५,६०० डॉलर आहे. वय वाढते तशी ही अट चढत जाते आणि पंचेचाळिशीत १०,७०० पर्यंत पोहोचते. पत्नी आणि २१ वर्षांखालील अविवाहित मुलांना सोबत नेण्यासाठी पगार किमान ६,००० हवा. आईवडिलांना लांब मुदतीने ठेवून घ्यायचे तर १२,००० हवा. म्हणजे आमच्या उदाहरणातला तरुण बायको-मुलांना नेऊ शकतो, अम्मी-अब्बांना मात्र पाहुणे म्हणूनच बोलावू शकतो. त्यांच्याजवळ इथे कोण राहणार, हे तिकीट काढण्याआधी भावा-बहिणींनी बसून ठरवायला हवे.

घरातल्या सुनेचा प्रश्न तर चर्चेत शेवटी येतो, किंवा येतच नाही. मे २०२१ पासून नियम असा आहे की नवऱ्याच्या आधाराने गेलेल्या पत्नीला नोकरी करायची तर तिला स्वतःचा वेगळा कामाचा परवाना लागतो. इथे शाळेत किंवा बँकेत असलेली मुलगी तिथे गेली की बहुधा काही काळ घरीच बसते. घरच्या घरी शेजारच्या मुलांना कुरआन शिकवीन, असा विचार पुष्कळजणी करतात. पण परवान्याशिवाय पैसे घेऊन काम करणे तिथे गुन्हा आहे, आणि धार्मिक शिक्षण देणाऱ्याला २०१७ पासून नोंदणी सक्तीची आहे. तिची इथली नोकरी रजेवर ठेवता येते का, हे आधी पाहावे. राजीनामा हा शेवटचा कागद असावा.

आणखी एक गोष्ट. नोकरी सुटली आणि परवाना रद्द झाला की देशात राहायला साधारण ३० दिवस मिळतात. तेवढ्यात नवी नोकरी शोधायची किंवा घर, शाळा, सामान आवरून परतायचे. म्हणून तीन-चार महिन्यांचा खर्च हात न लावता बाजूला हवा.

मुलांची शाळा आणि दीन

सरकारी शाळा चांगल्या आहेत, पण परदेशी मुलांचा नंबर शेवटी लागतो. पहिलीनंतर बहुतेक वर्गांसाठी इंग्रजी आणि गणिताची प्रवेश परीक्षा असते, जागेची हमी नसते. शाळेचे वर्ष जानेवारीत सुरू होते. एक गोष्ट आम्हाला शिक्षक म्हणून सुखावते. तिथे मलय, चिनी, तमिळ या भाषांखेरीज हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबीबरोबर उर्दूही मातृभाषेचा विषय म्हणून घेता येते. मराठी त्या यादीत नाही. ती घरात बोलूनच टिकवायची. सिंगापुरात महाराष्ट्र मंडळ आहे, त्याचा आधार घ्यावा.

मुलगी मोठी असेल तर हेही माहीत असावे, की सरकारी शाळांत गणवेशासोबत हिजाबला परवानगी नाही. पूर्णवेळ मदरसे सहा आहेत, तिथे तो चालतो. खासगी शाळांचे नियम वेगवेगळे असतात, विचारून घ्यावेत. पुढे कायम रहिवासी व्हायचा विचार असेल तर मुलग्याला दोन वर्षांची लष्करी सेवा करावी लागते, हेही त्याच वेळी तोलावे.

दीनदारीच्या बाबतीत बेट सोयीचे आहे. रहिवाशांपैकी सुमारे १५ टक्के मुस्लिम आहेत, मशिदी सत्तरच्या आसपास. सुलतान मशीद प्रसिद्ध आहेच, लिटल इंडियाच्या परिसरात अंगुलिया मशीद आहे. इस्लामी परिषदेचे हलाल चिन्ह दुकानांवर आणि खाऊगल्ल्यांत दिसते, ते पाहून निर्धास्त जेवावे. विषुववृत्त जवळ असल्याने दिवस-रात्र वर्षभर जवळपास सारखे असतात. मगरिब कायम सातच्या सुमारास आणि रोजा साडेतेरा तासांच्या आसपास. शुक्रवार मात्र कामाचा दिवस आहे. जुम्याला जेवणाच्या सुट्टीत जाता येईल का, हे साहेबांना पहिल्याच आठवड्यात मोकळेपणाने विचारावे.

एकत्र की एकटे?

आम्हाला तिसरी वाट अनेकदा शहाणपणाची वाटते. पहिले सहा महिने त्याने एकट्याने जावे. अनामत आणि अडचणीच्या दिवसांची रक्कम त्या काळात साठते, कंपनी कशी आहे ते कळते, शाळा प्रत्यक्ष पाहता येतात. मग कुटुंबाने जावे. पण सहा महिने म्हणजे सहाच. तारीख कागदावर लिहा. "पुढच्या ईदला नेतो" म्हणता म्हणता मुले दहावीला पोहोचलेली घरे प्रत्येक गावात आहेत.

आणि जायचे ठरले तर नातेवाइकांना पगाराचा आकडा सांगण्यापेक्षा शिल्लक किती ते सांगावे. पाच लाखांच्या बातमीवर उधारीच्या अपेक्षा उभ्या राहतात, मग मने दुखावतात. रोजी देणारा अल्लाह आहे. आलेल्या रोजीचा हिशेब मात्र आपल्यालाच ठेवायचा आहे, आणि तो दोघांच्या हाताने लिहिलेला असावा.